राखणीला बसलेली

कुंदे,

फळ्यावर तुझ्या नावाआधी काय लिहायचं, यावर स्टाफरूममध्ये बराच वेळ चर्चा झाली. 'माजी प्राध्यापिका' लिहावं तर कार्यालयाचं म्हणणं, तशी नोंद नाही. 'माजी हंगामी अधिव्याख्याता' लिहावं तर शोकसभेच्या फळ्यावर ते बरं दिसत नाही. कुणीतरी 'कॉलेजच्या हितचिंतक' असं सुचवलं. मी गप्प बसले होते, कारण तोंड उघडलं असतं तर शोकसभा तिथेच आटोपली असती. शेवटी तुझी विद्यार्थिनी यमुना उठली, खडू घेतला आणि लिहिलं, 'आपल्या कुंदा मॅडम.' तू असतीस तर म्हणाली असतीस, बघ नलू, मेल्यावरसुद्धा माझी नेमणूक एका दिवसापुरतीच.

मी थकलेय गं. रडून नाही, रडायला अजून नीट सवडच मिळालेली नाही. नाशिकचा दवाखाना, वाडा तालुक्यातून आलेले तुझे भाऊ, खोलीतलं सामान, आणि मधूनमधून येणारी माणसं, 'एवढ्या चांगल्या होत्या, पर्मनंट कशा झाल्या नाहीत?' असं विचारणारी. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं म्हणजे तोंडाला कोरड पडते. मी आता एवढंच म्हणते, की कायद्यात बसलं नाही. ते हं म्हणतात आणि चहा पितात.

कावीळ तू अंगावर काढलीस. डोळे पिवळे दिसत होते, तरी रोज जीप पकडून मोखाड्याला तासांना जात होतीस. मी ओरडले की म्हणायचीस, तासिका तत्त्वावरच्या माणसाला आजारपणाची रजा नसते, तास बुडला की बुडाला. हे तू मला समजावून सांगत होतीस. मला, जिच्या नावावर आता भरपगारी रजा शिल्लक आहेत. त्या रजा दुसऱ्याला देता येत नाहीत, नाहीतर कधीच दिल्या असत्या.

आपण पहिल्यांदा भेटलो त्या मुलाखतीच्या बाकावर. नव्वदीतले दिवस, जूनचा पहिला आठवडा, जव्हारला धुकं उतरलेलं. तू इतिहासाची, मी राज्यशास्त्राची. तुला ठाण्याच्या आतेभावाने पेपरातली जाहिरात पाहून कळवलं होतं, मला नाशिकच्या माझ्या सरांनी. दोन्ही जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव होत्या. त्या प्रवर्गातला उमेदवार उपलब्ध नाही असा शेरा पडला आणि आपल्याला वर्षापुरतं घेतलं. वर्षापुरतं म्हणजे एप्रिलअखेरपर्यंत. नेमणुकीच्या पत्रात वाक्यच असायचं, की सेवा आपोआप संपुष्टात येईल. शेवटच्या दिवशी कपाटाची किल्ली परत करायची, मेमध्ये आपण कुणीच नाही, आणि जूनमध्ये पुन्हा जाहिरात, पुन्हा तोच बाक.

आत तेच प्राचार्य. आदल्या आठवड्यात तुझ्या हातचा चहा पिऊन गेलेला माणूस गंभीर चेहऱ्याने विचारायचा, 'आपला परिचय करून द्या.' मग, 'या दुर्गम भागात राहण्याची तयारी आहे का?' एका वर्षी तू म्हणालीस, 'विचार करून सांगते, सर.' विद्यापीठाकडून आलेले तज्ज्ञ खरंच काळजीत पडले. बाहेर आल्यावर तू पोट धरून हसलीस आणि मी तुला शिव्या घातल्या. मला त्या मुलाखतींची भीती वाटायची आणि तुला त्यांचा कंटाळा यायचा, एवढाच आपल्यातला फरक होता तेव्हा.

तुला बघायला येणारेही पहिला प्रश्न तोच विचारायचे, नोकरी पर्मनंट आहे का. तू म्हणायचीस, 'तुमच्या मुलाचा स्वभाव पर्मनंट आहे का ते आधी सांगा.' नंतर नंतर येणारेच थांबले. माझं लग्न झालं, नवरा नाशिकला राहिला, मी शनिवारी जायची आणि सोमवारी यायची. आपली दोन खोल्यांची बिऱ्हाडाची जागा मात्र तीच राहिली. भाकऱ्या तू थापायचीस, कारण माझ्या भाकरीची कड फाटते.

कोर्टात जायचं हे तुझंच डोकं. मी म्हटलं होतं, आहे तेही जाईल. तू म्हणालीस, 'आहे काय आपल्याकडे, ते सांग.' मग रिट याचिका झाली, तू अर्जदार क्रमांक एक, मी क्रमांक दोन. मागणी सरळ होती. इतक्या वर्षांच्या जाहिरातींनंतरही राखीव प्रवर्गातला उमेदवार मिळत नसेल, तर नियमाप्रमाणे जागेचं आरक्षण बदलून घ्यावं, आणि रीतसर निवड समितीतून आलेल्या पात्र माणसाला कायम करावं. पहिल्याच तारखेला न्यायमूर्ती म्हणाले की अटी माहीत असून तुम्ही नेमणूक स्वीकारली होती. खाली सही आहे तुमची. वकीलसाहेब मान डोलवत राहिले. बाहेर पायऱ्यांवर तू मला म्हणालीस, 'अटी मान्य नाहीत असं म्हटलं असतं, तर कोर्टात यायला अर्जदार तरी उरले असते का?' हे आत बोलायला हवं होतंस. तुझी चांगली वाक्यं नेहमी पायऱ्यांवर सुचायची.

तरी अंतरिम आदेश मिळाला. राखीव प्रवर्गातला पात्र उमेदवार येईपर्यंत दोघींना काढू नये. त्या वर्षी एप्रिलअखेर आपण पहिल्यांदा कपाटाची किल्ली परत केली नाही. तू ती किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवून आठवडाभर हिंडत होतीस आणि विचारणाऱ्याला म्हणायचीस, मंगळसूत्र आहे.

मग यमुना आली आपल्यात. मोखाड्याच्या बाजूच्या पाड्यावरची, तुझ्याच वर्गात बी.ए. झालेली, बाहेरून इतिहासात एम.ए. केलेली. आश्रमशाळेत रोजंदारीवर शिकवत होती, म्हणजे आपल्यापेक्षाही एक पायरी खाली. मेच्या सुट्टीत तू तिला खोलीवर बोलावून घ्यायचीस आणि सेटची तयारी करून घ्यायचीस. ही परीक्षा पास झालं की कॉलेजात शिकवायची पात्रता मिळते. ती आदिवासी, पास झाली की तुझ्या जागेवर तिचाच हक्क, हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. तू तिला शिकवत असताना मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसायची आणि मनात म्हणायची, ही बाई स्वतःच्या हाताने काय करतेय ते हिला कळतं का. ती दोनदा नापास झाली तेव्हा तुझा चेहरा उतरला. माझा उतरला नाही.

त्याच सुमारास वकिलांनी जाहिरातींची कात्रणं मागितली. ठाण्याच्या आतेभावाने जमवून पाठवली. तू ती टेबलावर मांडलीस आणि पेपराच्या नावावर बोट ठेवलंस. 'नलू, हा पेपर जव्हारला येतो का?' मला काय माहीत. तू चपला घालून एसटी डेपोजवळच्या पेपरवाल्याकडे गेलीस आणि मला ओढत नेलंस. त्याने कात्रण उलटसुलट केलं.

'ह्यो पेपर? ताई, याचा गठ्ठा आजवर माझ्याकडं उतरला नाय.'

'मोखाड्याला?'

'मोखाड्याला मीच धाडतो ना. जो इथं नाय तो तिथं कुठून?'

खोलीवर येऊन याचिकेची प्रत काढलीस आणि ते वाक्य मला वाचून दाखवलंस, 'वारंवार जाहिरात देऊनही उमेदवार उपलब्ध झाला नाही.' खाली आपण शपथेवर सही केली होती, की वरील मजकूर आमच्या माहितीप्रमाणे खरा आहे. मी म्हटलं, जाहिरात पेपरात आली, नियमात तेवढंच लिहिलंय, कुठला पेपर हे आपण ठरवलं नव्हतं. तू म्हणालीस, 'ते खरं. पण आता आपल्या माहितीत हेही आलं.' या एका वाक्यावर आपण पुढची कितीतरी वर्षं भांडलो. आजही मला पटलेलं नाही, सांगून ठेवते. कायद्याने तू चूक होतीस. पण तू गेलीस आणि आता समोर बसून ऐकून घेणारं कुणी नाही, तर नुसतं बरोबर असून करायचं काय?

तिसऱ्या वेळी यमुना पास झाली. आणि त्याच जूनमध्ये जाहिरात पुन्हा निघाली, त्याच पेपरात. आतेभावाचं कात्रण आलं. बुधवारी सकाळी तू म्हणालीस, मी मोखाड्याला चाललेय. मी मागून आले, तुला अडवायला.

जीप भरलेली होती, बाजाराला निघालेली माणसं, कोंबड्या, मिरच्यांची पोती. त्या गर्दीत आपण दबक्या आवाजात भांडत होतो.

'तू तिला सांगितलं नाहीस तर तुला कुणी विचारणार नाही,' मी म्हटलं.

'म्हणूनच जातेय.'

'कोर्टाचा आदेश आहे कुंदे, पात्र उमेदवार येईपर्यंत. ती आली की तू बाहेर. त्याच दिवशी.'

'वाचता येतं मला.'

'मग निकालापर्यंत तरी थांब. एकदा कायम झालीस की तिच्यासाठी दुसरी जागा निघेल कुठेतरी.'

'कुठल्या पेपरात निघेल ती?' तू विचारलंस, आणि समोरचा म्हातारा आपल्याकडे बघायला लागला.

पाड्यावर पोचलो तेव्हा यमुनेची आई ओट्यावर वरई पाखडत होती. यमुनेनं कात्रण वाचलं, पुन्हा वाचलं आणि तुझ्या हातात परत दिलं.

'मॅडम, ही तुमची जागा हाय. मी नाय करायची अर्ज.'

'जागा माझी नाही. नीट वाच, कुणासाठी राखीव लिहिलंय ते.'

'तुमी मना शिकवलात. तुमच्याच खुर्चीत बसून मना शिकवायला व्हयाचा नाय.'

तू चिडलीस. इतकी चिडलेली मी तुला कोर्टातही पाहिली नव्हती. 'मग तुला शिकवलं कशाला? माझा वेळ जात नव्हता म्हणून? ती खुर्ची तुमच्यासाठी ठेवलेली होती. तुम्ही आला नाहीत म्हणून मी राखणीला बसले.'

आईला आपलं सगळं बोलणं कळलं नसावं, पण राखण कळली. डुकरं आणि पाखरं पिकात शिरू नयेत म्हणून शेतातल्या माळ्यावर बसणारं माणूस त्यांच्याकडे प्रत्येक हंगामात असतं. तिने सूप खाली ठेवलं.

'बाय, राखणीला बसतो त्याला आमी पीक निंगाल्यावर पायलीभर देतू. तुमाला कोण देल?'

तू हसलीस. मला मात्र त्या ओट्यावर एकदम रडू आलं होतं आणि मी जीपमधल्या मिरच्यांच्या पोत्याचं निमित्त केलं. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते.

एवढ्यावर थांबली असतीस तर ती कुंदा कसली. परत आलीस आणि दोन्ही जागांची जाहिरात स्वच्छ अक्षरात पुन्हा पुन्हा लिहून काढलीस. दोन्ही. माझीसुद्धा. मग एसटी डेपो, आदिवासी प्रकल्प कार्यालय, मोखाड्याची तहसील, जामसर आणि आसपासच्या गावांतल्या शाळा, जिथे भिंत दिसेल तिथे खळ लावून चिकटवत सुटलीस. डेपोच्या खांबावर माझ्या विषयाचं नाव तुझ्या अक्षरात पाहिलं. त्या महिन्यात मी तुझ्याशी बोलले नाही. एका चुलीवर दोन भाज्या शिजल्या. तू बाहेरच्या खोलीत एकटीच मोठ्याने वाचत बसायचीस, मी ऐकावं म्हणून, आणि मी ऐकत होते.

इतिहासाला यमुनेचा अर्ज आला. राज्यशास्त्राला एकही आला नाही.

यमुना रुजू झाली त्या दिवशी तू ती किल्ली तिच्या हातात दिलीस आणि म्हणालीस, कपाटाचं दार थोडं उचलून लाव, नाहीतर लागत नाही. मी तिथेच उभी होते. त्यानंतर तू मोखाड्याच्या ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर लागलीस आणि रोजच्या जीपच्या खेपा सुरू झाल्या.

पुढे अंतिम सुनावणी आली तेव्हा समोरच्या वकिलांनी तोच प्रश्न विचारला, की ही जाहिरात त्या भागातल्या आदिवासी उमेदवारांपर्यंत पोचली तरी होती का. आपले वकीलसाहेब उठले. म्हणाले, माझ्या एका अर्जदाराने ती स्वतः गावोगावी भिंतींवर लावली आहे, त्यातून एका जागेला उमेदवार मिळाला आणि तिची स्वतःची नोकरी गेली. दुसऱ्या जागेला तरीही कुणी आलं नाही. निकालात माझ्या जागेचं आरक्षण पुढच्या जागेकडे वळवायला आणि मला कायम करायला सांगितलं. तुझ्याबद्दल एक ओळ होती. अर्जदार क्रमांक एक यांच्या मागणीत आता काही उरलेलं नाही.

पायऱ्यांवर मी तुझ्याकडे बघू शकत नव्हते. तू म्हणालीस, 'चला, एक तरी झाली.' आणि रसवंतीवर घेऊन गेलीस मला. तुझ्या त्या आगाऊपणामुळे मी राहिले, कुंदे. 'उमेदवार उपलब्ध झाला नाही' हे वाक्य तुझ्या बाबतीत खोटं ठरलं आणि माझ्या बाबतीत खरं ठरलं, ते तू चिकटवत हिंडलीस म्हणून. मी कधी आभार मानले नाहीत. आभार मानायचे तर आधी भांडण मागे घ्यावं लागलं असतं, आणि ते मला घ्यायचं नव्हतं. यमुनेनं राज्यशास्त्र घेतलं असतं तर तिला कळवायला मी त्या जीपमध्ये बसले असते का, हे तू मला इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाहीस. विचारशील म्हणून मी घाबरून असायची.

यमुना चांगली शिकवते. तुझ्यासारखी हातवारे करत नाही, पण पोरं ऐकतात. तिच्या वर्गात पाड्यावरच्या मुली आता पुढच्या बाकावर बसतात. हे तुला माहीत आहे. मला ते बघून बरं वाटायला फार वेळ लागला, हे माहीत नसेल.

दरवर्षी दिवाळीनंतर तिची आई नागलीची पायली घेऊन खोलीवर यायची. दारातूनच म्हणायची, 'राखणीची.' तू ती दोन्ही हातांनी घ्यायचीस, दळून आणायचीस आणि दणकून भाकऱ्या खायचीस. मी त्या नाचणीच्या पिठाची एकही भाकरी कधी खाल्ली नाही. माझ्या डब्यातलं गव्हाचं पीठ वेगळं असायचं. मला वाटायचं, ही पायली घेतली की हिशेब मिटला असं होईल, आणि तो मिटू नये. इतक्या वर्षांचं शिकवणं, एप्रिलअखेरच्या त्या किल्ल्या, कोर्टाच्या पायऱ्या, याचं उत्तर कॉलेजने द्यायला हवं होतं, सरकारने द्यायला हवं होतं. पाड्यावरच्या बाईने का द्यावं? तू म्हणायचीस, 'दुसरं कुणी देतंय का? मग हिची का परत करू?'

काल तेरावा झाला. आज सकाळी यमुनेची आई आली. तिला कुणी सांगितलं नसेल असं वाटून मी दारात उभी राहून कसंबसं म्हटलं, की आता इथे कुंदा नाही. ती म्हणाली, 'म्हायीत हाय बाय. यमुनानं सांगला.' डोक्यावरची पिशवी उतरवली आणि उंबऱ्याच्या आत ठेवली. 'पन ह्या सालची राखण त्यांनी केलीच ना. मोखाड्याला पोरा शिकवीतच होत्या.'

मी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. ती चहा न घेता गेली, तिला परतीची जीप गाठायची होती.

दुपारी गिरणीतून पीठ आणलं. तवा तापत ठेवलाय. उकड काढायची की नुसत्या गरम पाण्यात मळायचं, हे तुला विचारायचं राहून गेलं. पहिली भाकरी थापली, कड फाटलीच. तुझ्या पानात वाढलीय, आणि दुसरी माझ्यासाठी टाकतेय.

नलू